सात उरेपर्यंत

१

कॉलेजातून मी दीडच्या सुमाराला घरी येतो. बूट बाहेर काढतो, हातपाय धुतो, आणि स्वयंपाकघरात पाणी पिता पिता फ्रिजवरची पाटी वाचतो. मार्करनं लिहायची, वीतभर उंचीची पांढरी पाटी आहे ती. घरात काय संपलंय ते माझी बायको क्रांती तिच्यावर लिहून ठेवते. मीठ. दळण. गॅसचा नंबर लावणे. मुलगी साताऱ्याला वसतिगृहात गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि एकमेकांना सांगायच्या बऱ्याचशा गोष्टी आम्ही या पाटीवरच सांगत आलो होतो.

ऑक्टोबरातल्या त्या सोमवारी पाटीवरचं बाकी सगळं पुसलेलं होतं. मधोमध एकच ओळ होती. ७३९३९१३३.

फोन नंबर म्हणायचा, तर दोन अंक कमी. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे दोन अंक मुद्दाम गाळलेत. कुणाचा तरी नंबर आहे आणि तो मला कळू नये म्हणून.

"कुणाचा नंबर आहे हा?"

क्रांती भाकरी थापत होती. "कुणाचा न्हाई," ती म्हणाली. "नुसता नंबर हाय."

"नुसता नंबर कशाला लिहितं कोण?"

"चांगला हाय म्हणून लिवला." तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं. "बसा. वाढते."

मी बसलो. जेवताना पाटी माझ्या पाठीमागं होती, तरी ती मला सारखी जाणवत होती.

२

मंगळवारी पाटीवर ७३९३९१३ होतं. शेवटचा तीन पुसलेला होता.

तेव्हा मला ती संख्या ओळखू आली. आदल्या दिवशी आली नव्हती, याची लाज मला अजून वाटते. मी गणिताचा शिक्षक आहे. जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच पुरा भाग जात नाही, ती मूळ संख्या, हे मी पंचवीस वर्षं शिकवतोय. ७३९३९१३३ ही मूळ संख्या आहे. तिचा शेवटचा अंक छाटला तरी उरते ती मूळच. पुन्हा छाटा, पुन्हा मूळ. असं करत करत नुसता सात उरेपर्यंत ती कुठंही तुटत नाही. अशा एकूण त्र्याऐंशी संख्या आहेत आणि ही त्यातली सगळ्यात मोठी. हिच्या शेवटी आणखी एखादा अंक लावून बघा. एक किंवा सात लावला तर तीननं भाग जातो. तीन किंवा नऊ लावला तरी ती कुठून ना कुठून फुटतेच. वंश इथंच संपतो.

घर बांधताना मी गच्चीवर एक खोली काढून घेतली होती. टेबल, वेताच्या दोन खुर्च्या, भिंतीवर फळा. तिथं बसून अकरा वर्षं मी या संख्या हातानं तपासत होतो. संगणक हे काम डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो, हे मला ठाऊक आहे. पण मी माण तालुक्यातला, वडील मेंढरं राखायचे. माझ्या वाट्याला गणिताशिवाय दुसरं काही आलं नाही. क्रांती शिराळ्याची. वडील सुभेदार, घरची ऊसशेती, गाता गळा. ती कुठंही गेली की माणसं तिच्याभोवती जमतात आणि मी कोपऱ्यात चहाचा कप धरून उभा असतो. दहावीला गणितात ती काठावर पास झाली होती. गणित तेवढं माझं होतं.

आणि माझी वही सहा अंकांपर्यंतच पोचली होती. म्हणजे हा नंबर तिनं माझ्या वहीत पाहिला असणं शक्य नव्हतं.

"तुला हे कुणी सांगितलं?"

"कळतं मला."

"काय कळतं? एक्याण्णव घे. मूळ आहे?"

"न्हाई. सात आन् तेरा."

"तीनशे एक्याण्णव?"

"सतरा, तेवीस."

"दहा हजार चारशे तीन?"

ती थांबली. नजर वर गेली, पण विचार करताना जाते तशी नाही. दुसऱ्या खोलीतून कुणी हाक मारली की आपण हातातलं काम थांबवून कान देतो, तशी ती थांबली. मग म्हणाली, "एकशे एक. एकशे तीन."

मी वर गेलो, गणकयंत्रावर दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार केला आणि कागद घेऊन खाली आलो. वाचून दाखवलं. पाच कोटी एकेचाळीस लाख त्र्याहत्तर हजार आठशे एकोणऐंशी. तिनं पुन्हा छताकडं कान दिला. "सात हजार नऊशे एकोणीस," ती म्हणाली. "दुसरा तुमी काढा आता. भांडी पडल्यात माझी."

कागद माझ्या हातात तसाच राहिला. चांगल्या माणसाला अभिमान वाटला असता.

३

बुधवारी पाटीवर ७३९३९१ होतं, पण ते मी नंतर पाहिलं. त्या दिवशी चाचणी पुढं ढकलली गेली आणि मी साडेअकरालाच घरी आलो.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. कुकर उतरवून ठेवलेला होता. वरून आवाज आला. जिना बाहेरून आहे, सिमेंटचा. मी अनवाणी पाच पायऱ्या चढलो आणि थांबलो.

क्रांती बोलत होती. एक संख्या म्हणायची आणि गप्प व्हायची. मग खुर्ची कुरकुरायची. वेताची खुर्ची माणसानं कूस बदलली की जशी कुरकुरते, तशी. मग क्रांती दुसरी संख्या म्हणायची. पुन्हा गप्प. तिसऱ्या वेळी ती हसली.

ते हसणं मला माहीत होतं. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी साताऱ्याला आमची भाड्याची खोली होती, तिथं ती तसं हसायची. पोटातून, थोडं घोगरं. नंतर कधी बंद झालं ते मला सांगता येणार नाही. मी त्याची नोंद ठेवली नव्हती.

मी उरलेल्या पायऱ्या धावत चढलो आणि दार ढकललं.

ती एकटी होती. फळा कोरा. खिडकीतून ऊन टेबलावर पडलेलं. नेहमी भिंतीपाशी असते त्या दुसऱ्या खुर्चीत ती बसली होती, आणि माझी खुर्ची तिच्यासमोर ओढलेली होती. इतकी जवळ, की दोन माणसं बसली तर गुडघे लागतील.

"कोण होतं?"

"कुठं कोण?" ती उठली. "हितं वारं येतं जरा. बसले हुते."

ती खाली गेल्यावर मी माझ्या खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. गरम होती. ऑक्टोबरचं ऊन आहे, गच्चीवरची खोली आहे, सगळंच तापतं, असं मी स्वतःला सांगितलं. मग दुसऱ्या खुर्चीवर हात ठेवला. तिच्यावरून ती आत्ताच उठली होती. दोन्ही सारख्याच गरम होत्या.

४

आमच्या विभागात राजवर्धन म्हणून एक जण दोन वर्षांपूर्वी आला. वय तीस, डॉक्टरेट झालेला, सांगलीहून मोटरसायकलवर येतो. विद्यार्थी त्याच्या तासाला बाकावर दाटीवाटीनं बसतात. गणपतीत तो आमच्या घरी आला होता आणि क्रांतीच्या हातची कटाची आमटी दोनदा मागून घेतली होती. माझा संशय दुसऱ्या कुणावर जाणार.

गुरुवारी स्टाफरूममध्ये मी त्याला म्हटलं, "काल साडेअकराला कुठं होतास तू?"

"बारावीवर, सर. का?"

"माझ्या घरी नव्हतास?"

त्यानं वर पाहिलं. त्याला राग आला नाही, उलट तो माझी काळजी करायला लागला, आणि ते मला जास्त झोंबलं. "सर, काही झालंय का? वहिनींची तब्येत?"

मग मी त्याला अर्धंमुर्धं सांगितलं. पाच कोटींचे अवयव तोंडी पाडले म्हणून. त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं.

"असं कुणाला येत नाही, सर," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे, मला तरी कुणी माहीत नाही. वहिनींना एकदा भेटू का मी?"

"नको," मी म्हटलं. फार मोठ्यानं म्हटलं असणार, कारण पलीकडच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले.

५

त्या दुपारी पाटीवर ७३९३९ होतं. क्रांती ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो.

"क्रांती, मी रागावणार नाही. तुला हे कोण शिकवतं?"

"शिकवत न्हाई कुणी. बोलतो आमी."

"आम्ही म्हणजे?"

तिनं काड्या बाजूला केल्या. "कितीबी छाटला तरी तुटत न्हाई, बघा. रोज एक जातो. जाऊ दे म्हणायचं. आपलं आतलं तेवढं ऱ्हातं. शेवटाला सातच उरणार."

"आणि सातानंतर?"

"मग मोकळं. त्यांनी सांगितलंय."

त्यांनी.

आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. हे, नाहीतर ते. 'ते आलं न्हाईत अजून', 'त्यांनी सांगितलंय'. एकवीस वर्षं या घरात 'ते' म्हणजे मी होतो. शेजारणीशी बोलताना, फोनवर आईशी बोलताना, त्या एका शब्दात मी होतो, आणि तो शब्द आपल्याला किती लागतो हे मला माहीतच नव्हतं. आता तिनं तो माझ्या तोंडावर दुसऱ्या कुणासाठी वापरला, आणि वापरताना तिचा आवाज जरा खाली आला. माझ्यासाठी कधी आला नव्हता तसा.

मी विचारू शकलो असतो, ते कोण. मला तो प्रश्न तोंडातून काढवेना. कारण ती सांगेल, असं मला वाटलं.

६

शुक्रवारी मी लवकर उठलो. क्रांती अंगणात पाणी मारत होती. पाटीवर तिनं आधीच एक अंक छाटलेला होता. ७३९३.

मी हिशोब केला. उद्या ७३९. परवा ७३. सोमवारी सात. मंगळवारी मोकळं.

मी काय केलं ते सरळ सांगतो. बोटानं शेवटचा तीन पुसला आणि तिथं एक लिहिला. तिच्यासारखाच, खाली शेपटी लांबवून. ७३९१. ही मूळ संख्या नाही. एकोणीस गुणिले तीनशे एकोणनव्वद. ती सरळ दोन तुकड्यांत फुटते.

मला क्रांतीला वाचवायचं होतं, असं मी नंतर बऱ्याचदा स्वतःला सांगून बघितलं. त्या क्षणी तसं काही मनात नव्हतं. वर जो कुणी बसतो त्याची संख्या मला नासवायची होती. एवढंच. मार्करचं टोपण लावताना मला बरं वाटत होतं.

क्रांती आत आली. पाटीकडं न बघता तिनं चहा टाकला.

७

दीड वाजता घरी आलो. बूट काढले, हातपाय धुतले. स्वयंपाकघरात क्रांती होती. निळा गाऊन, केस वर बांधलेले, खलबत्त्यात शेंगदाण्याचं कूट करत होती.

"आलात व्हय," ती म्हणाली. "वाढू का?"

मी पाण्याचा तांब्या उचलला. पाटीवर ७३९१ तसंच होतं.

आणि वरून क्रांतीचा आवाज आला. "एकोणीस."

तांब्या माझ्या हातातच होता. माझ्यासमोर क्रांती बत्ता आपटत होती. ठक, ठक. तिचे ओठ मिटलेले होते.

"तीनशे एकोणनव्वद," वर क्रांती म्हणाली.

"काय झालं?" खालच्या क्रांतीनं विचारलं. "वाढू न्हवं?"

"वर कोण आहे?"

"वर कोण असणार? कुलूप हाय वर."

मी बाहेर आलो आणि जिना चढलो. दाराला कुलूप नव्हतं. दार चार बोटं उघडं होतं, आणि त्या फटीतून मला जे दिसलं तेवढंच मी सांगू शकतो.

निळा गाऊन. वर बांधलेले केस. मानेवरचा तीळ, जो मी एकवीस वर्षं बघत आलोय. ती माझ्याकडं पाठ करून बसली होती. तिच्यासमोर माझी खुर्ची होती आणि तिच्यात कुणी नव्हतं. पण बैठकीचा वेत खाली दबलेला होता, चांगला खोल, जड माणूस बसल्यावर दबतो तसा. तिचा उजवा हात पुढं टेबलावर होता, तळवा वर करून. बोटं अर्धी मिटलेली. त्यांच्यामध्ये दुसरा हात असल्यावरच बोटं तशी मिटतात.

वेत कुरकुरला. ती मान तिरकी करून ऐकत राहिली, आणि हसली.

मला भीती नंतर वाटली. आधी जे वाटलं ते सांगायला लाज वाटते. आधी मला वाटलं, तिनं माझा हात असा शेवटचा कधी धरला होता.

मी दार ओढून घेतलं आणि खाली आलो. खालच्या क्रांतीनं ताट वाढून ठेवलं होतं.

८

त्यानंतर खाली सगळं ठीक झालं. फार ठीक झालं.

खालच्या क्रांतीला संख्यांतलं काही कळत नाही. शनिवारी मी तिला विचारलं, एक्याण्णवला कशानं भाग जातो. "मला काय इचारताय," ती म्हणाली, "काठावर पास झालेली बाई मी." पाटी तिनं पुसून टाकली होती. तिच्यावर लिहिलं होतं, तूरडाळ, साबण.

ती मला आवडतं ते करते. भाकरी कडक, आमटी पातळ. मी बोलायला लागलो की काम थांबवून ऐकते. माझ्या अकरा वर्षांच्या वहीबद्दल तिनं विचारलं आणि मी सांगत असताना तासभर माझ्याकडं बघत बसली. मला आयुष्यभर जे हवं होतं ते हे होतं. तिचा हात ऊबदार असतो. मी नीट बघितलंय. तिच्या मानेवरही तीळ आहे.

ती जिना चढत नाही. कपडे वाळत घालायला गच्चीवर जायचं, तर ती अंगणातच दोरी बांधते. मी विचारलं नाही. आणि ती हसते, पण ओठांनी. आवाज होत नाही.

ते हसणं रोज साडेअकराच्या सुमाराला वरून येतं. सुट्टीच्या दिवशी मी घरी असतो तेव्हा ऐकू येतं. ते आलं की खालची क्रांती मिक्सर लावते.

मी डोक्याचा माणूस आहे. एका रविवारी मी सगळी कारणं कागदावर लिहून काढली. मला भास होतायत. शेजारचा आवाज. मनावरचा ताण. प्रत्येक कारण मी तपासलं, एखाद्या संख्येला भाजक लावून बघावेत तसं. कशानंच पुरा भाग गेला नाही.

९

पंधरा दिवसांनी माझ्या सासूबाई, राहीबाई, शिराळ्याहून एसटीनं आल्या. वय पंचाहत्तर, गुडघे गेलेले. पिशवीत लेकीसाठी ओल्या शेंगा आणि मसाल्याची पुडी. क्रांतीनं त्यांना बसायला दिलं, पाणी दिलं, चहा टाकला.

"वाळलीस गं," त्या लेकीला म्हणाल्या.

"न्हाई आई. हाय तशीच हाय."

तेवढ्यात वरून हसणं आलं. क्रांती वळली आणि तिनं मिक्सरचं बटण दाबलं. भांडं रिकामंच होतं.

राहीबाईंनी मिक्सर बंद होईपर्यंत वाट पाहिली. मग माझ्याकडं बघितलं. "रविराजराव, वर कोण हाय?"

"शेजारचा टीव्ही आहे, मामी."

"माझ्या पोरीचं हसणं मला कळंना व्हय?" त्या लेकीकडं बघत होत्या. "तू हितंच हाईस न्हवं?"

"हितंच हाय की. चहा घे, आई."

राहीबाई उठल्या. मी आडवा गेलो. "मामी, तुमचे गुडघे. जिना उंच आहे."

"व्हा बाजूला," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मी बाजूला झालो.

एकेक पायरी दोन्ही पाय ठेवत त्या वर गेल्या. दार वाजलं. मी अंगणात उभा राहून ऐकत होतो. आधी काही नाही. मग बायकांचं बोलणं, हळू, मायलेकी बोलतात तसं. मग राहीबाई रडल्या असाव्यात. मग खुर्ची कुरकुरली आणि सगळं शांत झालं. मी घड्याळ बघितलं. वीस मिनिटं झाली होती.

खाली आल्या तेव्हा त्यांचा पदर डोक्यावरून घेतलेला होता. परक्या पुरुषासमोरून उठून आल्यावर घेतात तसा. त्यांनी पिशवी उचलली. चहा तसाच गार झाला होता. मी फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो.

"मामी, काय बघितलं तुम्ही?"

"पोरगी सुखात हाय माझी," त्या म्हणाल्या. "लय वर्सांनी बघितली तशी. तुमी वर जाऊ नगा."

"कोण आहे तिथं?"

त्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघत होत्या. तिथं निळा गाऊन ओट्यापाशी उभा होता.

"आणि हिचं काय?" मी विचारलं.

"ही तुमची," राहीबाई म्हणाल्या, आणि रस्त्याला लागल्या. मी रिक्षा बोलावतो म्हटलं तर नको म्हणाल्या. एकदाही मागं वळून बघितलं नाही.

१०

वर जाऊ नका म्हटल्यावर मी गेलो नाही असं नाही. दाराच्या बाहेर बसतो. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, गच्चीच्या कठड्याला टेकून, मांडीवर वही घेऊन. आत जायचं धाडस होत नाही. एकदा मी बाहेरूनच एक मूळ संख्या मोठ्यानं म्हणून बघितली, माझ्या वहीतली, स्वतः तपासलेली. आतलं बोलणं थांबलं. कुणीतरी दरवाजाकडं बघतंय असं मला वाटलं. मग ते पुन्हा सुरू झालं, माझी संख्या सोडून.

गेल्या रविवारी वरची क्रांती एक संख्या एकेक अंक करून म्हणाली. सावकाश, गाणं म्हणावं तशी. मी लिहून घेतली. ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७. चोवीस अंक. माझ्या गणकयंत्रात ती मावतही नाही. सोमवारी सुट्टी होती. त्या दिवशी ती पुन्हा म्हणाली, पण पहिला तीन न घेता.

मी खाली आलो आणि स्वयंपाकघरात बसून राजवर्धनला फोन केला. क्रांती माझ्यासमोर जमिनीवर बसून गवार मोडत होती. मी संख्या वाचून दाखवली. त्यानं थांबा म्हटलं. त्याच्या बाजूला कळफलकाचा आवाज आला.

"सर," तो म्हणाला, "ही मूळ आहे. आणि गंमत बघा. डावीकडून एकेक अंक काढत जा, प्रत्येक वेळी उरते ती मूळच. शेवटी सात राहतो. या जातीतली सगळ्यात मोठी आहे ही. तुम्ही कुठं वाचलीत?"

"चोवीस अंक आहेत ना?"

"हो. म्हणजे आता तेवीस छाटायचे, की सात."

त्यातला एक आधीच गेला होता. मी पाटीकडं बघितलं. तिच्यावर तूरडाळ आणि साबण होतं. या वेळी संख्या कुठंच लिहिलेली नव्हती. पुसून टाकायला माझ्या हाताशी काही नव्हतं.

"सर? तुम्ही काढलीत का?"

हो म्हणणं सोपं होतं. त्याच्या आवाजात जे आलं होतं ते मी दोन वर्षं त्याच्याकडून ऐकायला थांबलो होतो.

"नाही," मी म्हटलं. "माझ्या बायकोनं."

"वहिनींनी? खरंच?" तो हसला, मनापासून. "मला बोलायचंय त्यांच्याशी. द्या ना फोन. घरीच आहेत ना?"

समोर बसलेली क्रांती गवारीच्या शिरा काढत होती. तिनं मान वर केली नाही. तिची बोटं मात्र थांबली होती.

"घरीच आहे," मी म्हणालो. "पण ती वर आहे. त्यांच्याबरोबर."